काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे

सकाळचे पावणेसहा. नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार. बाहेर मिट्ट काळोख आणि अंगणातल्या गवतावर गोठलेलं दव. चहाचं आधण ठेवून मी पेटीवरची शाल काढते. पेटी पुण्याची, जुन्या चादरींत गुंडाळून विमानाने आणलेली. उन्हाळाभर ती गुण्यागोविंदाने वाजते, पण घरातलं हीटिंग सुरू झालं की लाकूड आवळतं आणि भाता कुठून तरी श्वास सोडायला लागतो. आमच्या गावात मार्टिन गिटारचा कारखाना आहे, 1839 पासून इथेच. लाकडी वाद्याभोवतीच्या हवेत ओलावा 45 ते 55 टक्के असावा असं ते लोक सांगतात. मी पेटीशेजारी पाण्याचं पातेलं ठेवते आणि टक्के देवावर सोडते.

गावाचं नाव नाझरेथ. दहाबारा मैलांवर बेथलेहेम आणि त्याच्याही पलीकडे एमाऊस. हे सगळं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. पहिल्यांदा पत्ता कळवला तेव्हा नगरच्या मावशीला वाटलं, आम्ही पवित्र भूमीत जाऊन राहिलो. गावं वसवली ती मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी, पहिली दोन 1740 आणि 1741 साली, आणि येताना त्यांनी गाणं बरोबर आणलं. 1754 पासून बेथलेहेममधे ट्रॉम्बोन वाजतात. मंडळीतलं कुणी गेलं की त्याची वार्ताही पूर्वी ट्रॉम्बोनवरूनच गावाला कळे. बाखचा बी मायनर मास अमेरिकेत पहिल्यांदा संपूर्ण गायला गेला तोही तिथेच, 1900 साली. अशा मुलखात येऊन तीन पोरांना ‘सा’ लावायला शिकवणं म्हणजे पंढरपुरात जाऊन भजनाचा क्लास काढणं.

सव्वासातला घर उठतं. थोरली नऊ वर्षांची, मधला सहाचा, धाकटी साडेतीनची. तिघंही शाळेत जात नाहीत, शाळा घरी. याचं कारण श्रद्धा, असं आम्ही चारचौघांत सांगतो आणि ते खोटं नाही. पण थोरली पहिलीत असताना रोज सकाळी बसच्या थांब्यावर तिच्या पोटात दुखायचं, हेही एक कारण होतं आणि त्याला शास्त्रातलं कुठलं वचन नाही.

न्याहारीनंतर कुटुंबप्रार्थना. शास्त्रातला एक उतारा, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि एक गीत. गीत महिनाभर तेच. इथल्या ख्रिस्ती होमस्कूलवाल्या घरांत ही पद्धत बरीच रुळलेली आहे, आणि मला ती पटते, कारण मुलाला गाणं पाठ व्हायला आपल्याला वाटतं त्याच्या चौपट वेळ लागतो आणि कंटाळा यायला आपल्याला वाटतं त्याच्या चौपट. कंटाळतो आपणच. या महिन्यात ‘जीझस लव्ह्ज मी’. शब्द ॲना वॉर्नरचे, 1860 सालचे, बहिणीच्या कादंबरीतल्या एका आजारी मुलासाठी लिहिलेले. चाल विल्यम ब्रॅडबरीची, दोन वर्षांनंतरची. नगरच्या संडे स्कूलमधे मी हेच मराठीत गायले, सतरंजीवर बसून, आणि ते परदेशी आहे अशी शंकासुद्धा कधी आली नाही. का, ते खूप नंतर कळलं. त्या चालीत मध्यम आणि निषाद नाहीतच. सा रे ग प ध. आमच्या कानांना ते भूपाचे सूर होते.

थोरली गाते. धाकटी शब्दांच्या शेवटी येऊन मिळते, भजनातल्या मागच्या रांगेसारखी. मधला मात्र सगळं गीत एका सुरावर म्हणतो. चाल वर जावो, खाली येवो, हा खालच्या एकाच पायरीवर बसून. शब्द चोख, लय चोख, आणि चेहऱ्यावर असा आनंद की कुणाला काही बोलवू नये.

गेल्या नाताळात मात्र कुणीतरी बोललं. मुलांच्या कार्यक्रमाची तालीम होती. बसवणाऱ्या बाईंनी त्याच्याजवळ वाकून, अगदी प्रेमाने सांगितलं की तू नुसते ओठ हलव, छान दिसतोस. मी मागच्या बाकावर होते. आठवड्याला तीस मुलांना गाणं शिकवणारी मी, तोंडातून शब्द काढला नाही. का, तर आम्ही त्या मंडळीत नवे होतो. तो घरी आला आणि आरशासमोर उभा राहून ओठ हलवायचा सराव करू लागला. त्याला काही वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं ते अजून गेलेलं नाही.

नऊ ते दहा गणित आणि शुद्धलेखन. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सात आठे छप्पन्न इथेही छप्पन्नच.

दहा वाजता धाकटीची पाळी. साडेतीन वर्षांच्या मुलाला संगीत शिकवायचं म्हणजे त्याला दहा मिनिटं ऐकायला लावायचं, बस. मी तिचे डोळे ओढणीने बांधते आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर चमचा वाजवते. पितळी वाटी, स्टीलची वाटी, पोळपाट. तिने ओळखायचं. पितळीचा नाद रेंगाळतो, स्टीलचा पटकन विझतो. “संपला की हात वर कर,” मी सांगते. ती श्वास रोखून ऐकते, नाद विरत विरत जातो, मला तो ऐकू येईनासा झाल्यावरही तिचा हात खालीच. मग वर. माझ्या चाळिशीच्या कानांना न ऐकू येणारी शेपटी तिला ऐकू येते, की ती मला बनवते, हे अजून ठरायचं आहे.

साडेदहा. मधला.

सुरुवात मी चुकीची केली होती, आणि दोन महिने चुकीची करत होते. पियानोजवळ त्याला उभं करायचं, मधला सी वाजवायचा, आणि म्हण म्हणायचं. तो म्हणायचा. त्याचा तो. मी पुन्हा वाजवायची, जरा जोरात, जणू ऐकू न आल्यामुळे गडबड होत होती. मुलांच्या गाण्यावरची पुस्तकं एका सुरात सांगतात की खरोखरीचं सूरबधिर मूल फार विरळा. बहुतेकांना वरचा आवाज सापडलेला नसतो एवढंच. ती बोलण्याच्या आवाजात गात असतात. त्यावरचे उपाय मी केले होते: अग्निशमनच्या बंबासारखा भोंगा काढ, घुबडासारखा घुमकार दे, मांजरीसारखं रड. भोंगा तो उत्तम काढायचा, सप्तकभर. म्हणजे गळा होता. पियानोजवळ आणला की पुन्हा पायरीवर बसायचा.

आजही तेच. पाचव्या वेळी माझा आवाज बदलला, तो त्याने माझ्याआधी ओळखला. “आई, पाणी पितो,” म्हणाला.

आईने मुलाला शिकवण्यातली अडचण ही. शाळेतल्या बाईंचा आवाज चढला तर तो बाईंचा आवाज. आईचा चढला की ते जेवणाच्या टेबलापर्यंत येतं. मी पियानोचं झाकण लावलं आणि त्याच्या मागे गेले.

तो फ्रिजला पाठ टेकून उभा होता, हातात पेला, डोळे अर्धे मिटलेले. गुणगुणत होता. तोच सूर, सकाळच्या गाण्यातला. मी दारातच थांबले. मग फ्रिजने नेहमीसारखा एक हिसका दिला आणि तो बंद पडला. म्हणजे थंड झाला की थांबतो तसा थांबला. मधलाही थांबला. वर बघून म्हणाला, “गेला.”

“काय गेलं?”

“सूर.”

आमचा फ्रिज घराबरोबर आलेला, वीस वर्षांचा तरी असेल. त्याची घरघर आम्ही इतकी ऐकली आहे की ऐकू येत नाही. पुन्हा सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसले. सुरू झाल्यावर फोनमधला ट्यूनर फ्रिजच्या पाठीला लावला. 120. मग मधल्याला म्हटलं, तू म्हण. 240. बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर, काटा जवळजवळ न हलता.

पेटीवर हा सूर नाही. काळी पाचच्या वर, पांढरी सातच्या खाली, दोन्हींच्या अगदी मधोमध. पियानोवरही नाही. म्हणजे दोन महिने मी ज्या ज्या पट्टीवर बोट ठेवून त्याला ‘म्हण’ म्हणत होते, त्यातली एकही त्याच्या सुराची नव्हती, आणि तो मात्र दिवसरात्र चालणाऱ्या तंबोऱ्याला सूर लावून गात होता. बेसूर मी होते. निदान घराच्या हिशेबाने.

फोनवरच्या तंबोऱ्यात सूर बारीक सरकवायची सोय असते. काळी पाचवरून पन्नास सेंट वर सरकवला आणि टेबलावर ठेवला. “हा तुझा सा,” मी म्हणाले. तो हसला, ओळखीचं माणूस दिसल्यासारखा. मग त्याच्या सा-वर उभं राहून मी रे म्हटला. तो सा-वरच. पुन्हा रे. सा. घाई केली नाही. त्याला स्वयंपाकघराच्या त्या टोकाला पाठवलं आणि म्हटलं, मी हरवलेय, मला हाक मार.

“आऽ-ई!”

जगातली बहुतेक पोरं लांबच्या माणसाला हाक मारतात ती वरून खाली, छोट्या एका उडीने. आपल्या सरगमीत ती पंचमावरून गंधारावर येते. त्याची हाकही आली, आणि तंबोऱ्यावर ती नेमकी प-ग. मी बोटाने दाखवलं: आऽ म्हणजे प, ई म्हणजे ग. “पुन्हा मार.” पुन्हा प-ग. “आता आई न म्हणता.” “पऽ-ग!” ओरडलाच. धाकटी धावत आली, तिनेही प-ग. दोघांनी मिळून घर डोक्यावर घेतलं, आणि गंधारावरून सा-ला उतरायला त्याला मग दोनच प्रयत्न लागले. रे अजून नाही. रे उद्या.

पेटीवाल्यांच्या घरात वाढलेल्या मला हे नव्याने कळावं याची थोडी लाज वाटली. आपल्याकडे गवई आपली पट्टी सांगतो आणि साथीदार त्याला मिळवून घेतो. गवयाला कुणी पेटीच्या पट्टीत ओढत नाही. मुलाचं तेच. सा मुलाकडून घ्यायचा. आपला त्याच्यावर लादायचा नाही. इंग्लंडातही हा शोध एका पाळकालाच लावावा लागला होता. 1841 मधे संडे स्कूलच्या शिक्षकांच्या परिषदेने जॉन कर्वेनला गळ घातली, की मुलांना गायला शिकवायची सोपी रीत शोधून दे. त्याने नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धत उचलली आणि वाढवली: डो म्हणजे ठरलेली एक पट्टी नव्हे, गाणं जिथे टेकतं तो सूर. थोडक्यात, आपला सा. नंतर त्याने प्रत्येक सुराला हाताची एक खूण दिली. मुठीचा सा, सपाट तळव्याचा ग. पुढे त्या खुणा हंगेरीच्या कोडाय पद्धतीत गेल्या आणि तिथून जगभर. मीही त्याच वापरते. मधल्याला मुठीचा सा फार आवडतो. तो त्या मुठीने टेबल ठोकतो.

सव्वाअकरा, थोरली. तिला नोटेशन वाचता येतं, पियानो बरा वाजतो, आणि तिला ठाऊक आहे की तिला येतं. तिची अडचण वेगळीच. मराठी भजन गाताना ती इंग्रजी बोलते. शब्द मराठीच, पण जोर इंग्रजी. ‘प्रभू’ हा शब्द तिच्या तोंडून येतो तो ‘प्रऽभु’ असा, पहिल्यावर हातोडा आणि दुसरं अक्षर उचलून बाजूला टाकलेलं. इंग्रजीत शब्दाचा एक भाग ठासून म्हणायचा असतो, तालाचा ठोका त्याच्यावर येतो. मराठीत ठासणं नाही, मोजणं आहे. लघूला एक मात्रा, गुरूला दोन.

हा घोळ तिचा एकटीचा नाही, दोनशे वर्षांचा आहे. अमेरिकन मिशनरी 1813 मधे मुंबईला उतरले, पुढे नगरला स्थिरावले, आणि त्यांच्या पेटाऱ्यातून आलेल्या चालींत मराठी शब्द कोंबले गेले. ठोक्याखाली लघू सापडला की तो ताणायचा, गुरू आडवा आला की तो चेपायचा. त्या चालींत काही फार गोड आहेत, मी आजही गाते. पण आमच्या नगरच्या मंडळीतली म्हातारी माणसं अशा गीताला पुस्तकात डोकं घालायची आणि टिळकांचं गीत लागलं की पुस्तक मिटून मांडीवर ठेवायची. रेव्हरंड नारायण वामन टिळक, 1861 ते 1919. 1895 मधे बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहून ओवी, अभंग, भजन यांना ख्रिस्ती उपासनेत आणून बसवलं. ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी तेच भेटतात. घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ असल्यामुळे आम्हांला ते थोर पुरुष कमी आणि विसरभोळे नातेवाईक जास्त वाटत आले.

तर ‘प्रऽभु’. समजावून सांगणं व्यर्थ. करून झालं आहे. आज मी टेबलावर मूठभर तांदूळ पसरले, तिचा तळहात त्यावर ठेवला आणि म्हटलं, जातं फिरव. तिने जातं नगरला आजीच्या पडवीत पाहिलं आहे, बंद पडलेलं. एका चरणाला एक फेरी. हात थांबवायचा नाही, झटकायचा नाही. फिरणाऱ्या हाताला ठोका मारता येत नाही, एवढीच यातली युक्ती. तिसऱ्या ओवीला ‘प्रभू’तला ‘भू’ आपोआप लांबला, हात त्या वळणावर होता म्हणून. तिच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी गप्प बसले. तांदूळ सगळे जमिनीवर. तेच दुपारी धुऊन शिजवले.

साडेबारा. वरणभात, कोबी, लोणचं. धाकटी झोपली. मोठी दोघं आपापली पुस्तकं घेऊन जिन्यावर.

मी नोंदवही काढते. या राज्यात घरच्या शाळेला 1988 चा कायदा आहे आणि तो कडक आहे. वर्षाला 180 दिवस किंवा प्राथमिकला 900 तास. कामाची नोंद, मुलांच्या वह्यांचे नमुने, आणि वर्षाअखेर एका पात्र परीक्षकाने मुलाशी बोलून दिलेला दाखला, 30 जूनच्या आत. विषयांची यादी कायद्यातच छापलेली: इंग्रजी, गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, आगीपासून बचाव, आरोग्य, व्यायाम, संगीत, चित्रकला. कित्येक राज्यांत संगीताचं नाव घ्यायची सक्ती नाही. इथे ते आगीच्या पंक्तीला बसवलंय. मला ते आवडतं. पण वहीत आज काय लिहू? ‘मधला: फ्रिज. 11 मिनिटे.’ शेवटी लिहिलं, ‘स्वरज्ञान, प-ग-सा, 25 मिनिटे.’ परीक्षक बाई भल्या आहेत, पण त्यांनाही चौकटी भरायच्या असतात.

दुपारी अडीच. चर्चचं तळघर. दर मंगळवारी सातआठ घरची मुलं इथे जमतात. कुणाची आई विज्ञान घेते, कुणी चित्रकला, गाणं माझ्याकडे. माझ्या वाट्याला चार ते सातची बारा मुलं. खोलीत कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास.

ख्रिस्ती मुलांना गाणं शिकवायचं म्हणजे गाण्यांचा प्रश्न नसेल, असं बाहेरच्याला वाटतं. इथे पहिल्या वर्षी मी उत्साहाने यादी फिरवली आणि तीन आयांचे फोन आले. एका घरी फक्त स्तोत्रसंहितेतली स्तोत्रंच गातात, माणसाने रचलेलं गीत उपासनेत चालत नाही. दुसऱ्या घरी वाद्य चालत नाही, नुसता गळा. तिसऱ्या घरी सगळं चालतं, ड्रम सोडून. पलीकडच्या लँकेस्टर परगण्यात आमिश लोक आहेत. ते सोळाव्या शतकातल्या ‘औसबुंड’मधून अजूनही बिनवाद्याचं, बिनस्वरलिपीचं गातात, एकेक गीत पाव तास पाव तास. त्यामानाने आमच्या आया मवाळच. मी बरेच दिवस चिडले होते. मग शंभरावं स्तोत्र घेतलं, ‘ओल्ड हंड्रेड’च्या चालीवर. चाल जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली, 1551 ची. स्तोत्र म्हणून पहिलं घर खूष, बिनवाद्याचं गायलं म्हणून दुसरं, ड्रम नाही म्हणून तिसरं. चार ओळींची, दमदार, पायऱ्या-पायऱ्यांनी चालणारी चाल. लहान मुलाला धरायला कठडा असावा तशी. अडचणीतून निवडलेलं इतकं चांगलं गीत मला आवडीने निवडता आलं नसतं.

आज मात्र पहिली दहा मिनिटं गाणं झालंच नाही. एका चार वर्षांच्या साहेबांनी ताल द्यायच्या काठ्यांची तलवार केली, त्यातली एक कुणाच्या तरी कपाळाला लागली. बर्फाची पिशवी, रडं, क्षमा मागणं, क्षमा करणं. क्षमा इथे रीतसर, वाक्यात मागावी लागते. ती शिकवणारा तास माझा नाही, पण बहुतेक वेळ माझाच जातो. मग काठ्या गोळा करून मी सगळ्यांना जमिनीवर पालथं झोपवलं आणि म्हटलं, आता तुम्ही ऑर्गनचे नळ, मी चालत येऊन ज्याच्या पाठीवर हात ठेवीन त्याने एक सूर धरायचा. बारा पाठी, बारा सूर. ज्याचा त्याचा सा. हे घरून सुचून आलेलं होतं. ऐकायला भयंकर. स्तोत्रवाल्या घराची आई दारातून डोकावली आणि परत गेली.

मग उठवून स्तोत्र. पियानोने सूर दिला, सगळ्यांना एकच, कारण बारा मुलांना बारा पट्ट्या देता येत नाहीत. मधला पुन्हा आपल्या पायरीवर जाऊन बसला. तळघरात फ्रिज नाही, पण तो सूर तो खिशात घालून आला होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मला मूठ दाखवली. सा. मी मान हलवली. त्याच्या शेजारच्या मुलीने कान झाकले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, चाल जिथे खाली उतरून विसावते, तिथे तो आणि बाकीचे अकरा क्षणभर जवळपास एकाच जागी आले. पूर्ण एक नाहीत. एखाद्या श्रुतीचा फरक राहिला असेल.

परतताना गाडीत कुणी गायलं नाही. बोरं खाल्ली, म्हणजे इथली क्रॅनबेरी, वाळवलेली.

संध्याकाळी साडेसहाला नवरा आला. तो वीज कंपनीत ट्रान्सफॉर्मरांच्या मागे असतो. जेवताना मी फ्रिजची कथा सांगितली. मला वाटलं तो मुलाचं कौतुक करील. त्याने विजेचं केलं. “120 च असणार,” पोळी मोडत तो म्हणाला. “इथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. एका हेलकाव्यात लोखंड दोनदा ओढलं जातं. साठ दुणे एकशेवीस.”

“आणि आपल्याकडे?”

“पन्नास. म्हणजे शंभर. नगरचा फ्रिज इथल्यापेक्षा खालच्या सुरात.”

“किती खालच्या?”

त्याने मनात भागाकार केला. “सहाला पाच.”

मी घास हातात धरून बसले. सहाला पाच म्हणजे पंचमाला गंधार. अमेरिकेतल्या आणि नगरच्या फ्रिजमधे बरोबर एका हाकेचं अंतर. आऽ-ई. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “अगं, हा योगायोग आहे.” असेल. मधल्याने मात्र खुर्चीवरून उतरून फ्रिजला कान लावला.

साडेसातला आईचा फोन. नगरला तेव्हा पहाटेचे सहा. कागदोपत्री गावाचं नाव आता अहिल्यानगर, आईच्या तोंडी नगरच. शाल पांघरून, हातात चहाचा कप, पडद्यावर अर्धं कपाळ आणि छताचा पंखा.

“जय ख्रिस्त, बाळांनो. जेवलात का?”

मधल्याला जेवणात रस नव्हता. “आजी, तुझा फ्रिज चालू आहे?”

“आहे की. का रे?”

“फोन त्याला लाव.”

आई उठली, सपाता वाजल्या, पडद्यावर फ्रिजचं पांढरं दार आलं. काही ऐकू येईना. असले फोन एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. नवऱ्याने ते समजावून सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

“आजी, मग तू म्हणून दाखव.”

“काय म्हणू?”

“फ्रिज काय म्हणतो ते.”

मला वाटलं ती हसून विषय बदलेल. पण तिने कप ठेवला, पदर कानामागे सारला आणि दाराला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग डोळे मिटून, मंडळीत गाते तितक्याच गांभीर्याने, खर्जात एक ‘ऊं’ धरला. पहाटेचा, घोगरा, पण स्थिर.

मधल्याने ऐकलं. मग आपल्या फ्रिजकडे वळला, त्याचा सूर धरला, पुन्हा तिचा ऐकला, आणि कपाळाला आठ्या घालून पडद्याजवळ आला.

“आजी, तुझा खाली आहे.”

“असणारच रे,” आई म्हणाली, “आमचा जुना आहे.”